धुऱ्यावरच्या गारगोटीला कोंदण

आमच्या वावराच्या पूर्वेकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गोट्यांचा मोठा ढीग आहे. वखराला अडलेले दगड घरातल्या तीन पिढ्यांनी उचलून तिथे टाकले. मृगाचा पाऊस जोरात पडून गेला की ढीग धुऊन निघतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन तिरपं असताना तिथे जाऊन उभं राहिलं, तर काळ्या दगडांमधले काही खडे आतून दिवा लावल्यासारखे दिसतात. कोणी दुधी, कोणी मधाच्या रंगाचा, एखाद्यावर करड्या-पांढऱ्या पट्ट्या. आमच्याकडे त्या सगळ्यांना एकच नाव आहे, गारगोटी. लहानपणी आम्ही दोन गारगोट्या अंधारात एकमेकींवर घासून ठिणगी पाहायचो. त्यापलीकडे त्यांचा काही उपयोग असेल असं कोणाच्या मनात आलं नाही, माझ्याही नाही.

आता दर रविवारी मी यातल्या एका गारगोटीला चांदीचं कोंदण करते आणि त्याची अंगठी घडवते. २०२१च्या श्रावणात हात घातला. आज वहीतला शेवटचा आकडा १६२ आहे.

आम्ही बुलडाणा जिल्ह्यातले, घाटाखालचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, घरी कापूस, सोयाबीन आणि थोडी मिरची. जवळचं मोठं गाव खामगाव. खामगावला रजतनगरी म्हणतात. लग्नाची चांदी घ्यायला लोक तिथे लांबून येतात. माझ्या आईच्या तोरड्याही तिथल्याच. आई गेली तेव्हा वाटणीत मी फक्त त्या तोरड्या मागून घेतल्या. २१० ग्रॅमची जोडी. पायात घालायची सोय नाही, मोडीत काढायचं मन नाही. वर्षभर कपाटात ठेवल्या आणि मग एका बाजारच्या दिवशी पिशवीत घालून आमच्या बाजाराच्या गावातल्या सोनारकाकांकडे नेल्या.

काकांचं दुकान म्हणजे दहा बाय आठची खोली. जमिनीवर बसायचं, पुढ्यात बाभळीच्या ओंडक्यात रोवलेली ऐरण, उजव्या पायाखाली भाता, भिंतीला टांगलेल्या कानशी. त्यांनी तोरड्या हातात घेऊन फिरवल्या, नखाने एका जागी खरवडलं आणि काही न बोलता बाजूला ठेवल्या. समोर कोणाची तरी तुटलेली जोडवी होती, ती सांधायला घेतली. मी तासभर पाहत बसले. पुढच्या बाजारालाही गेले. तिसऱ्या खेपेला धीर करून विचारलं, मला शिकवाल का? ते हसले नाहीत. म्हणाले, "बाया भट्टीपाशी बसत नाईत असं काई नाई, बाई. बसली नाई कोनी आजवर, एवढंच."

पहिले दोन महिने चांदीला हात लावू दिला नाही. तांब्याची पट्टी, कानस आणि करवत. करवतीचं पातं केसाएवढं बारीक. हातात जोर आला की तुटतं. पहिल्या दिवशी अकरा पाती तुटली, ते मी वहीत लिहिलं आणि तेव्हापासून वही सुरू झाली. करवत दाबायची नाही, तिच्या वजनाने तिला जाऊ द्यायचं, हे ऐकायला सोपं आहे. हाताला कळायला सात रविवार लागले. शाळेत पहिलीच्या मुलांना पेन्सिल घट्ट धरू नका म्हणून मी रोज सांगते. ती का ऐकत नाहीत ते तेव्हा नीट समजलं. त्यांना ऐकायचं असतं, बोटांना अजून कळलेलं नसतं.

घरी मी ओसरीच्या टोकाला, जुन्या कोठीच्या खोलीत, जागा केली. एक जाड लाकडी पाट, त्याला पुढून अर्धगोल खाच, खाचेखाली चामड्याची झोळी. कानशीचा सगळा कीस त्या झोळीत पडतो. काकांच्या लहानपणी सोनारांच्या दुकानासमोरची माती गोळा करून धुणारे झारेकरी यायचे आणि त्या धुळीवर त्यांचं घर चालायचं. आमची कोठीची जमीन शेणाने सारवलेली. एकदा झोळी उलटून कीस खाली सांडला, तो सारवणात असा मिसळला की ती पापडीच खरवडून काढावी लागली. तेव्हापासून जमिनीवर जाड ताडपत्री असते. झोळीतल्या किसावरून चुंबक फिरवून लोखंडाचे कण काढून टाकायचे, मग तो डबीत. चार वर्षांत डबीत ६० ग्रॅमच्या वर चांदी जमली. चांदी किलोला लाख ओलांडून गेल्यापासून ती डबी मी कुलपात ठेवते.

अंगठीला मी ९२.५ टक्क्यांची चांदी वापरते, म्हणजे शंभरात साडेसात भाग तांबं. शुद्ध चांदी फार मऊ असते. तिचं वळं शेतात काम करणाऱ्या हातात महिनाभरात वाकडं होईल. तांबं तिला ताठपणा देतं. पण त्याच तांब्यामुळे तापवल्यावर अंगठी काळवंडते आणि ती उजळावी लागते. काका सौम्य तेजाब वापरतात. घरात लेकरं असल्याने मी किराणा दुकानातलं लिंबूफूल गरम पाण्यात विरघळवून वापरते. वेळ जास्त लागतो, पण काम होतं. त्या पाण्यात लोखंडी चिमटा बुडवायचा नाही. बुडवला की पाण्यात उतरलेलं तांबं उलटं चांदीवर चढतं आणि अंगठी तांबडी होऊन बाहेर येते. माझी आठवी अंगठी अशीच तांबूस निघाली होती. मला वाटलं चांदीच खोटी. काकांनी विचारलं, चिमटा कायचा होता?

मापाचं गणित मात्र मला शिकवावं लागलं नाही. आपल्याकडच्या १४ नंबरच्या अंगठीचा आतला घेर साधारण ५४ मिलिमीटर, म्हणजे व्यास १७.२. पण पट्टी ५४ मिलिमीटरची कापली तर अंगठी बोटात जात नाही, कारण पट्टीला स्वतःची जाडी असते. व्यासात ती जाडी मिळवायची आणि मग ३.१४ने गुणायचं. दीड मिलिमीटर जाडीला १८.७ गुणिले ३.१४, म्हणजे जवळजवळ ५९. सातवीच्या वर्गात वर्तुळाचा परीघ शिकवताना मी आता तांब्याची पट्टी आणि दोरा घेऊन जाते.

आता डाक. चांदीचे दोन तुकडे सांधायला जी डाक लागते तीही बहुतेक चांदीचीच असते, फक्त तिच्यात तांबं आणि जस्त मिसळलेलं असतं, म्हणून ती अंगठीच्या आधी वितळते. तिचे राईएवढे तुकडे कापायचे. सांध्यावर सवागी, म्हणजे टाकणखार, पाण्यात घोटून लावायची. त्यावर डाकेचा कण ठेवायचा. बाभळीच्या कोळशाच्या सपाट तुकड्यावर अंगठी ठेवून ज्योत धरायची. इतकंच. आणि या एवढ्याशा कामात माझे पहिले सात-आठ महिने गेले.

मी ज्योत थेट सांध्यावर धरायची. वाटायचं, जिथे जोडायचं तिथेच तापवायला हवं. डाक वितळायची, गोळी व्हायची आणि सांध्यात न शिरता एका अंगाला जाऊन बसायची. काका पाहत होते. म्हणाले, "बाई, तुमी जोड पाहून राह्यल्या. चांदी पाहा. ते एका जाग्यावर तापतच नाई, पुरी तापवा तिले." सगळ्या धातूंत उष्णता सर्वांत वेगाने वाहून नेणारा धातू चांदी. एका टोकाला दिलेली उष्णता क्षणात दुसऱ्या टोकाला पळते. म्हणून आख्खी अंगठी एका तालात तापवावी लागते, ज्योत सारखी फिरती ठेवून. आणि डाक जिथे जास्त गरम तिथे धावते. सांध्याच्या एका बाजूला डाक आणि दुसऱ्या बाजूला किंचित जास्त ज्योत ठेवली तर ती आपणहून सांधा ओलांडून जाते.

ते पहिल्यांदा घडलं तो रविवार मला आठवतो. कोठीची खिडकी लावून घेतली होती, कारण तापलेल्या चांदीचा रंग उजेडात दिसत नाही. सवागी आधी फुगली, ज्वारीच्या लाहीसारखी पांढरी झाली, मग हळूहळू बसली आणि काचेसारखी पातळ झाली. अंगठीवर अंधूक तांबूस झाक आली. डाकेचा कण अजून तसाच होता. हात मागे घ्यावासा वाटत होता, नाही घेतला. आणि अचानक त्या कणाचा कोपरा गोल झाला, तो पाऱ्यासारखा चमकला आणि सांध्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक पांढरी रेघ सर्रकन धावत गेली. पापणी लवायच्या आत. ज्योत बाजूला केली तेव्हा मी श्वास रोखून धरला होता हे कळलं. वहीत त्या दिवशी एवढंच लिहिलंय: २३. डाक धावली.

ज्योतीच्या कामाला पंखा चालत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. खिडकी बंद, पंखा बंद, समोर ज्योत. म्हणून उन्हाळ्यात मी पहाटे साडेचारला बसते आणि सातच्या आत तापवायचं सगळं काम उरकते. घासणं, ओपणं, खडा बसवणं नंतर सावकाश. आणखी एक गोष्ट काकांनी बजावून सांगितली. जुन्या डाकेत कॅडमियम असायचं, त्याचा धूर छातीत जातो आणि कायमचं नुकसान करतो. त्यांच्या उमेदीत हे सांगणारं कोणी नव्हतं. ते आता दोन पायऱ्या चढले की थांबतात. मी खामगावहून डाक आणताना कॅडमियम नसलेलीच मागून घेते, आणि त्यांच्यासाठीही तीच आणते.

आता आईच्या तोरड्यांचं सांगते. काकांनी पहिल्याच दिवशी नखाने खरवडलं होतं ते का, हे मी विचारलं नाही, तिथे चुकले. सहा महिन्यांत जरा हात बसला तशी मला घाई झाली. आईच्या चांदीचीच अंगठी करायची, तीही तिच्या पुढच्या श्राद्धाच्या आधी. काकांना न विचारता घरी मूस तापवली. दोन्ही तोरड्या तुकडे करून आटवल्या आणि लोखंडी साच्यात ओतून कांडी पाडली. कांडी दिसायला छान होती. ऐरणीवर घेऊन तिसरा घाव घातला आणि ती मधोमध तडकली. ताव दिला, परत ठोकली, आणखी दोन भेगा गेल्या. वाळलेली भाकरी मोडावी तशी चांदी मोडत होती. मी रडत कोठीतून बाहेर आले, तेव्हा सासूबाईंना वाटलं हात भाजला.

त्या तोरड्या आईने आयुष्यात तीन-चार वेळा सांधून घेतल्या होत्या. आठवडी बाजारात भांड्यांना कल्हई करणारे बसत, त्यांच्याकडून, कथलाने. स्वस्तात काम व्हायचं. त्या डागाच्या कथलात बहुतेक शिसं असतं. असलं कथील चांदीत मिसळलं की चांदी ठिसूळ होते. काकांनी खरवडून पाहिला तो कथलाचाच डाग होता. आधी कानशीने ते करडे डाग घासून काढायचे आणि मग आटवायचं, हे त्यांनी सांगितलं असतं, मी विचारलं असतं तर.

ते रागावले नाहीत. तुकडे घेतले आणि खामगावला शुद्ध करायला पाठवले. महिन्याने १४८ ग्रॅम शुद्ध चांदी हातात आली. जुन्या गावठी दागिन्यांत मिसळ जास्त असते, आणि आईच्या तोरड्या तशाच होत्या. मला वजन कमी झाल्याचं वाईट वाटलं, पण काका म्हणाले, "आता हे वळ्याले नोका लावू. हे कोंदणाची चांदी झाली." शुद्ध चांदी वळ्याला मऊ पडते, पण कोंदणाला तीच लागते. खड्याच्या भोवतीची ती पातळ भिंत आत वळवून खड्यावर बसवायची असते, आणि मऊ चांदीच न कुरकुरता वळते. तिचं तापमान पेलायचं बळही जास्त, ९६२ अंशांच्या आसपास ती वितळते, म्हणजे डाक लावताना आधी वळं धोक्यात येतं, कोंदण नाही. तरी पहिली दोन कोंदणं मी वितळवलीच, इतकी पातळ भिंत ज्योतीखाली किती लवकर तापते याचा अंदाज नव्हता. तेव्हापासून माझ्या प्रत्येक अंगठीचं वळं विकत आणलेल्या चांदीचं असतं आणि कोंदण आईच्या. एका कोंदणाला पाऊण ग्रॅम.

खडा घासायला शिकवणारं जवळ कोणी नव्हतं. आपल्या भागातले बहुतेक खडे अकीक, जास्पर किंवा साधा स्फटिक. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांत वाफेच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत सिलिकाचं पाणी झिरपत झिरपत थरावर थर साचले, म्हणून पट्ट्या. लाल-पिवळा रंग लोहाचा. विहीर खोदताना कधी कधी पोकळीभर चकचकीत, मोरपंखासारखे पसरलेले स्फटिक निघतात, ते झिओलाइट. दिसायला अकीकाहून कितीतरी देखणे. गावातले लोक ते मला आणून देतात आणि मी ते कपाटात मांडून ठेवते, अंगठीत घालत नाही. ते मऊ असतात. आपल्या अंगणातल्या धुळीतही स्फटिकाचे कण असतात, आणि त्यांचा कठीणपणा दहापैकी ७. त्याहून मऊ खडा बोटात घातला की रोजच्या धुळीनेच तो वर्षभरात मंद होतो. गारगोटी सातच्या जवळपासची, म्हणून ती टिकते. लोणारचा दगड आणून द्या, अशीही मागणी येते. लोणार आमच्याच जिल्ह्यातलं, पण तो परिसर अभयारण्य आहे, तिथला खडाही उचलायचा नाही. असं सांगितलं की कोणी कोणी नाराज होतं, होऊ देत.

घासायचं यंत्र म्हणजे एक छोटी मोटर आणि हिऱ्याची पूड बसवलेल्या चार चकत्या. खडा लाख तापवून लाकडी काडीच्या टोकाला चिकटवायचा आणि फिरत्या चकतीवर धरायचा. वरून थेंब थेंब पाणी पडत राहायला हवं. त्यासाठी मी सलाईनची रिकामी बाटली आणि नळी खिळ्याला टांगली आहे. चाकाने धार कमी-जास्त करता येते. पाण्याशिवाय दगड कधीही घासायचा नाही, ही गोष्ट मी कोणालाही पहिली सांगते. गुजरातेत खंबातला अकीक घासणारी घरंच्या घरं आहेत, आणि कोरड्या धुळीने तिथल्या कारागिरांच्या फुप्फुसांत सिलिकोसिस घर करतो. पाणी असूनही मी तोंडाला मास्क बांधते आणि लेकरांना त्या खोलीत येऊ देत नाही.

खडा बसवण्याचं काम सगळ्यांत शेवटी. एकदा खडा बसला की अंगठीला ज्योत दाखवायची नाही, तो तडकतो. कोंदणाची भिंत खड्याच्या उंचीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढी ठेवते. पितळी दांडीच्या सपाट टोकाने आधी वरून दाबायचं, मग बरोबर समोरून खालून, मग डावीकडून, मग उजवीकडून. एका बाजूने सलग दाबत गेलं तर चांदीची सगळी सूट शेवटच्या कोपऱ्यात ढकलली जाते आणि तिथे चुणी पडते. बंडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार चारी बाजूंनी ठोकत फिरतो, तसंच. भिंत खड्याला टेकली की ओपणी, म्हणजे चकाकी आणायचं गुळगुळीत हत्यार, घ्यायची आणि कडेवरून फिरवत राहायचं. घासता घासता मंद पांढरी चांदी एकाएकी पाण्यासारखी होते. खडा हलतो का ते अंगठी कानाशी धरून हलवून ऐकायचं. काहीच ऐकू आलं नाही की झालं.

दर रविवारी एक, हा नेम मी कोणाला दाखवायला केला नाही. काकांकडे रोज काम असायचं, माझ्याकडे आठवड्याचा एकच दिवस. तो सोडला तर हात विसरेल ही भीती होती. कापूस वेचणीच्या हंगामात, निवडणुकीच्या ड्यूटीत, धाकट्याच्या आजारपणात रविवार गेले. वहीत तिथे तारीख लिहून पुढे जागा कोरी ठेवली आहे. तीन आठवडे खंड पडला की चौथ्या रविवारी पहिलं पातं नक्की तुटतं. वर्ष-दीड वर्षानंतर एक बदल जाणवला. पूर्वी मी काय घडवायचं ते ठरवून बसायची आणि खडा त्यात कोंबायची. आता आठवडाभर खडा खिशात असतो. मधल्या सुट्टीत, एसटीची वाट पाहताना, बोटं त्याच्यावरून फिरतात. कुठली बाजू वर यावी ते रविवारपर्यंत बहुतेक ठरलेलं असतं. मीच ठरवलेलं असतं, पण कधी ते सांगता येत नाही.

अंगठ्या मी विकत नाही. १६२पैकी चाळीसेक माझ्याकडे आहेत, बाकीच्या ज्यांच्या बोटात आहेत ती बोटं मला ठाऊक आहेत. शाळेतल्या स्वयंपाक करणाऱ्या ताई, बहिणी, भावजया, आमच्या गटातल्या तीन शिक्षिका. कोणी विचारतं, हा खडा कोणत्या ग्रहाचा? मी खरं सांगते, हा आमच्या वावरातला, ग्रहाचं मला कळत नाही.

आमच्या यांच्या बोटातली अंगठी मात्र गेल्या हिवाळ्यात दोन दिवसांत कोळशासारखी झाली. मिरचीवर भुरी आली होती म्हणून गंधक फवारलं होतं, आणि अंगठी काढायची राहिली. गंधकाने चांदी काळी पडते, मग ते कशातलंही असो, कांद्यातलं, रबरातलं, अंड्यातलं. मी ती घासून दिली, पण पट्टीवर कोरलेल्या कपाशीच्या बोंडाच्या रेघांत थोडा काळा राहिला, आणि बोंड पहिल्यांदा नीट उठून दिसलं. आता कोरीव काम केलं की मी मुद्दाम उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून अंगठीसोबत डब्यात झाकून रात्रभर ठेवते. सकाळी अंगठी काळी झालेली असते. वरचा काळा रंग पुसायचा, खाचेतला राहू द्यायचा.

सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला तो सासूबाईंच्या अंगठीने. सुरुवातीला मी धुऱ्यावरून दगड वेचून आणायची तेव्हा त्या म्हणायच्या, "हे गोटे कायले जमा करून राह्यली वं? आमी जलमभर फेकले ते." नंतर काही म्हणेनाशा झाल्या. गेल्या दिवाळीत एकदा कोठीच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मायं बोट तं जाड झालं." तेवढंच. पन्नास वर्षं कापूस वेचून, निंदून त्यांच्या बोटांचे सांधे सुजलेले आहेत. मधल्या बोटाच्या सांध्यावर २१ नंबर आणि बोटाच्या मुळाशी १७. सांध्यावरून जाईल अशी अंगठी केली तर ती मुळाशी गरगर फिरणार आणि खडा तळहातात येणार. मुळाच्या मापाची केली तर जाणारच नाही. दोनदा करून मोडली. शेवटी काकांनी युक्ती सांगितली. २१ची अंगठी करायची आणि वळ्याच्या आतल्या अंगाला, खालच्या बाजूला थोड्या अंतरावर, चांदीचे दोन बारीक रवे बसवायचे. चांदीचा कण कोळशावर तापवला की आपोआप गोल होतो, ते रवे गुळगुळीत घासून डाकेने आत लावले. अंगठी सांध्यावरून जराशी तिरपी करून आत सरते आणि रवे बोटाच्या मांसात हलके टेकून तिला धरून ठेवतात. खडा वर राहतो. मधाच्या रंगाचा, एका कोपऱ्यात पांढरी चंद्रकोर असलेला. त्यांना शेंगा फोडताना पाहते तेव्हा माझी नजर आधी खड्याकडे जाते, फिरला तर नाही ना म्हणून.

काका आता भात्यावर पाय ठेवत नाहीत. दुकान आठवड्यातून एक दिवस उघडतात, बाजाराच्या दिवशी. मी त्या आठवड्याची अंगठी घेऊन जाते. ते भिंग लावून सांधा पाहतात, नखाने कोंदणाची कड चाचपतात, एखादी चूक बोटाने दाखवतात. १५८व्या अंगठीच्या वेळी त्यांनी काहीच दाखवलं नाही, नुसती परत दिली. मी वाट पाहत उभी होते. "आता काय पाह्यता, बाई? जा, उशीर होईन."

या रविवारसाठीचा खडा कोठीच्या खिडकीत पाण्याच्या वाटीत ठेवला आहे. पाण्यात ओला असताना तो पॉलिशनंतर कसा दिसेल ते कळतं. हा करडा आहे आणि आत शेवाळासारखे हिरवे धागे आहेत, आमच्या ढिगात असा दुसरा मिळालेला नाही. पण त्याची एक कड जाड आणि दुसरी सुरीसारखी पातळ. पातळ कड झाकायची तर कोंदण उंच घ्यावं लागेल, म्हणजे पाऊण ग्रॅमऐवजी सव्वा. काल रात्री आईची चांदी तराजूवर ठेवली. ४४ ग्रॅम उरली आहे. सव्वा ग्रॅमची पट्टी कापून ठेवली, ताव देऊन मऊ केली, आणि वहीत १६३ असा आकडा घालून पुढे फक्त खड्याचा रंग लिहिला.